आईचं मत घारापुरीचं, माझं नेरूळचं

घारापुरीतून किंवा तशाच एखाद्या बेटावरून येऊन सध्या नवी मुंबईत, ठाण्यात मुलांकडे राहणाऱ्या माणसांसाठी हे लिहितो आहे. मतदार यादीतून नाव वगळण्याची नोटीस आली तर घाबरू नका, पण ती बाजूलाही ठेवू नका. 2024 च्या फेब्रुवारीत माझ्या आईच्या नावाने अशी नोटीस निघाली. तिचं नाव यादीत राहिलं. ते कसं राहिलं हे नीट सांगतो, कारण ज्यांना विचारलं त्यातल्या बहुतेकांनी "जाऊ दे ना, इकडे नाव लावून टाक" एवढंच सांगितलं होतं.

आमचं बेट सगळ्यांना एलिफंटा म्हणून माहीत आहे. 1987 पासून तिथली लेणी जागतिक वारसा यादीत आहेत, गेटवेवरून लाँच भरभरून लोक येतात, लेणी बघतात आणि संध्याकाळी परत जातात. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावं तिथे आहेत, त्यांची एक ग्रामपंचायत आहे, हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. 22 फेब्रुवारी 2018 ला समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून बेटावर वीज आली. त्याआधी जनरेटरवर संध्याकाळचे काही तास दिवे लागायचे, बाकी अंधार. मी शिकत होतो तेव्हा अभ्यासाची वेळ जनरेटर ठरवायचा.

पुढच्या शिक्षणासाठी बेट सोडावं लागतं. मीही सोडलं. कॉलेज, मग जेएनपीटी बंदराच्या बाजूला कंटेनर यार्डातली नोकरी, मग नेरूळला भाड्याची खोली. अकरा महिन्यांचा करार, घरमालक बदलला की पत्ता बदलला, अशी बरीच वर्षं गेली. 2023 मध्ये नेरूळलाच स्वतःचं घर झालं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर आई पडली. लेण्यांकडे जाणाऱ्या पायऱ्यांच्या कडेला ती काकडी, कैरी, चिंचा आणि ताक विकते. दिवसाचा धंदा आटोपून टोपली घेऊन उतरताना पाय घसरला आणि मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं. पर्यटकांची शेवटची लाँच तोवर निघून गेली होती. गावातल्या पोरांनी तिला फळीवर बांधून खाली आणलं, एका मच्छीमाराने आपली होडी काढली आणि काळोखात समोरच्या किनाऱ्यावर, न्हाव्याच्या धक्क्यावर आणली. मी गाडी घेऊन तिथे उभा होतो. ओहोटी असती तर चिखलातून तिला उचलून आणावं लागलं असतं. भरती होती हे आमचं नशीब. बेटावर कुणाच्याही घरी विचारा, बाळंतपणाची, सापाची, छातीत दुखण्याची अशी एखादी रात्र प्रत्येकाकडे आहे.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही महिने चढउतार बंद सांगितली. आमच्या इमारतीला लिफ्ट आहे, फिजिओथेरपीवाल्या ताई घरी येत होत्या, म्हणून आई नेरूळला राहिली. बेटावरच्या घराला कुलूप लागलं.

आणि फेब्रुवारीत शेजारच्या वहिनींनी व्हॉट्सॲपवर एका कागदाचा फोटो पाठवला. आईचं नाव मतदार यादीतून वगळावं असा अर्ज आला आहे, कारण ती त्या पत्त्यावर राहत नाही. सुनावणीला अमुक तारखेला हजर राहावं. तो अर्ज म्हणजे फॉर्म 7. त्या मतदारसंघातला कुठलाही मतदार तो भरू शकतो. आमच्या बाबतीत तो गावातल्याच एकाने भरला होता. त्याचं नाव इथे लिहिणार नाही. ग्रामपंचायतीच्या वॉर्डात बोटांवर मोजण्याइतक्या मतांवर निकाल फिरतो, तिथे असे अर्ज होतातच.

माझ्या मनात पहिला विचार आला तो सगळ्यांनी सुचवलेलाच. आईचं नाव माझ्यासोबत नेरूळला लावून टाकावं. तिला समुद्र ओलांडायला नको, मला धावपळ नको. मी तिला तसं म्हटलं. ती खुर्चीत बसून पायाचा व्यायाम करत होती. व्यायाम थांबवून म्हणाली, "मना नेरूलला कोन वलखतंय? मी कोनाला सांगू का धक्क्यावरचा दिवा गेलाय म्हून?"

या वाक्याने मला कामाला लावलं. गोष्ट नुसत्या पाच वर्षांतून एकदा बटण दाबण्याची नव्हती. ग्रामपंचायतीची मतदार यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते. आणि ग्रामसभेचा सदस्य कोण, तर त्या गावच्या मतदार यादीत ज्याचं नाव आहे तो. म्हणजे विधानसभेच्या यादीतून नाव गेलं की ग्रामसभेत उभं राहून बोलण्याचा हक्कही जातो. धक्का, पाणी, दिवे, शाळा, रात्रीची होडी, हे सगळे विषय जिथे मांडायचे ती जागाच जाते. बेटावर दवाखाना नाही म्हणून माणूस बाहेर पडतो, बाहेर पडला म्हणून त्याचं नाव जातं, आणि नाव गेल्यावर दवाखाना मागणारं एक तोंड कमी होतं. हे मला त्या दिवशी इतकं स्पष्ट दिसलं की नंतर मी कुणाच्या सांगण्यावरून डळमळलो नाही.

कायदा काय म्हणतो ते मी वाचून काढलं. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 19 सांगतं की मतदारसंघात जो सर्वसाधारणपणे राहतो त्याचं नाव तिथल्या यादीत असावं. 'सर्वसाधारणपणे राहतो' म्हणजे काय ते कलम 20 मध्ये आहे आणि आमचं सगळं प्रकरण त्यातल्या दोन ओळींवर उभं होतं. एक ओळ आमच्या विरुद्ध जाऊ शकत होती: केवळ घर मालकीचं आहे म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. दुसरी आमच्या बाजूची: तात्पुरता बाहेर गेला म्हणून कुणी तिथला रहिवासी असणं थांबत नाही. म्हणजे घरपट्टीची पावती एकटी पुरणार नव्हती. आईचं बाहेर असणं तात्पुरतं आहे, एका कारणाने आहे आणि ते कारण संपलं की ती परत जाणार आहे, हे दाखवायचं होतं. कलम 22 प्रमाणे म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय असं नाव वगळता येत नाही. म्हणून ती नोटीस आली होती. निकाल विरुद्ध गेलाच तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, आणि तिथून पुढे राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे.

कागद गोळा करताना सगळ्यात आधी आठवलं ते लाइट बिल. 2018 च्या आधी बेटावरच्या कुणाकडेही ते नव्हतं. बाकी जगात पत्त्याचा पुरावा म्हणून जे सहज मागतात ते आमच्याकडे तोपर्यंत नसायचंच. आता होतं, वडिलांच्या नावाचं. त्याशिवाय रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, आईचं आधार आणि मतदार ओळखपत्र. हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, ज्यावर दाखल झाल्याची आणि सोडल्याची तारीख होती. डॉक्टरांकडून एक चिठ्ठी मागून घेतली, त्यात "चढउतार टाळावी" एवढंच न लिहिता ती कधीपर्यंत टाळावी हेही लिहून घेतलं. हा तपशील फार महत्त्वाचा. तात्पुरतं म्हणजे ज्याला शेवट आहे ते, आणि तो शेवट कागदावर दिसायला हवा.

आता सुनावणीला जायचं. घारापुरी उरण तालुक्यात येते. नेरूळहून उरणला जायला 12 जानेवारी 2024 पासून थेट लोकल झाली आहे, खारकोपरच्या पुढचा मार्ग त्या दिवशी सुरू झाला. आईला वॉकरसकट डब्यात बसवलं आणि आम्ही आरामात उरणला उतरलो. स्टेशनपासून रिक्षा. बेटावरून हेच करायचं तर आधी होडी मिळायला हवी, मग न्हाव्याचा धक्का, मग पुढची गाडी, आणि परतताना पाण्याची वेळ सांभाळायची. आपल्याच तालुक्याच्या गावी पोचायला नेरूळ बरं आणि बेट अवघड. आई खिडकीतून बघत होती. त्याच 12 जानेवारीला अटल सेतूचंही उद्घाटन झालं, जवळजवळ बावीस किलोमीटरच्या. आमच्या अंगणातून तो दिसतो, रात्री त्याच्या दिव्यांची माळ दिसते. त्यावरून जाणाऱ्या कुणालाही बेटावर उतरता येत नाही आणि बेटावरच्या कुणाला त्यावर चढता येत नाही. नायगाव आणि भाईंदरच्या मध्ये वसईच्या खाडीत पाणजू नावाचं बेट आहे, पूर्वी ते ठाणे जिल्ह्यातच होतं. पश्चिम रेल्वेच्या गाड्या त्या बेटावरून धडधडत जातात, पण तिथल्या माणसाला गाडी पकडायला होडीने खाडी ओलांडावी लागते. बेटांवरून वाट नेणं सोपं असतं, बेटापर्यंत वाट नेण्याची गोष्ट वेगळी.

सुनावणीला अर्ज करणारा दादाही आला होता. अधिकाऱ्यांनी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "साहेब, घराला कुलूप आहे, हे काय खोटं नाही. काकी मुलाकडे राहतात." मग त्यांनी लाइट बिल मागितलं. मागच्या महिन्यांच्या वापराचे आकडे बिलावर छापलेले असतात. त्यांनी पेनाचं टोक त्यावर ठेवलं. दिवाळीपर्यंत नेहमीचा वापर, त्यानंतर जवळजवळ काहीच नाही. "इथून घर बंद आहे," ते म्हणाले. ज्या कागदावर माझी सगळी भिस्त होती तोच समोरच्याच्या बाजूने बोलत होता. मी डिस्चार्ज कार्ड काढून त्याच्या शेजारी ठेवलं. वापर जिथे तुटतो तोच महिना दाखल झाल्याच्या तारखेचा. त्याआधीच्या सगळ्या महिन्यांत दिवे, पंखा, फ्रिज चालू. म्हणजे ती तिथे राहत होती, आणि नेमकी कधीपासून आणि कशामुळे बाहेर आहे हे त्या दोन कागदांनी मिळून सांगितलं. नंतर त्यांनी आईला विचारलं.

आई वॉकर धरून उभी राहायला गेली, त्यांनी तिला बसूनच बोलायला सांगितलं. "साहेब, मी घर सोरला नाय. पाय मोरला म्हून लेकाकरं आयलीय. बरी झाली का जाईन. माजी टोपली तशीच हाय पडवीला." तिचा जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला, तिने अंगठा न लावता सही केली. बेटावर बीएलओंमार्फत, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांमार्फत, शेजाऱ्यांकडे चौकशी झाली. नंतर आक्षेप फेटाळल्याचं कळलं.

बाहेर पडल्यावर त्या दादाने आईसाठी रिक्षा थांबवली. मी त्याच्यावर रागावलेलो नाही. त्याने जे सांगितलं ते डोळ्यांना दिसणारंच होतं. राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. शहरात आजारी पडलेली बाई रिक्षाने दवाखान्यात जाते आणि संध्याकाळी घरी येते, तिचं 'सर्वसाधारणपणे राहणं' कुणी तपासत नाही. बेटावरच्या बाईला उपचारासाठी घरच बंद करावं लागतं. नियम दोघींना सारखाच आहे, पण त्याची झळ एकीलाच लागते.

माझं नाव मात्र मी स्वतः हलवलं. आईसाठी जे कलम वाचलं तेच मला लागू होतं आणि ते माझ्या बाजूचं नव्हतं. माझं घर, नोकरी, मुलाची शाळा सगळं नेरूळला. मी तात्पुरता बाहेर नाही. एकाच माणसाचं नाव दोन मतदारसंघांत ठेवता येत नाही, आणि खोटं निवेदन दिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. फॉर्म 8 ऑनलाइन भरला, घराच्या कराराची आणि बिलाची प्रत जोडली, बीएलओ येऊन खात्री करून गेल्या. ओळखपत्राचा क्रमांक तोच राहतो, फक्त मतदारसंघ बदलतो. उरणचा मी बेलापूरचा झालो, मावळ लोकसभेतून ठाणे लोकसभेत आलो. नेरूळला महापालिका आहे, पण 2020 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली होती आणि तेव्हा कारभार प्रशासकाच्या हाती होता. पालिकेत आमच्या वॉर्डाचा माणूसच नव्हता. तरी पाणी येत होतं, कचरा उचलला जात होता, दवाखाने उघडे होते. मोठ्या वस्तीला प्रतिनिधी नसला तरी यंत्रणा चालत राहते. बेटावर कुणी मागे लागलं नाही तर काहीच चालत नाही. म्हणून माझ्या मतापेक्षा आईचं मत तिथे असणं मला जास्त मोलाचं वाटलं.

मावळचं मतदान 13 मे 2024 ला होतं, सोमवारी. सोमवारी लेणी बंद असतात, त्यामुळे पर्यटकांची नेहमीची वर्दळ नसते. पंच्याऐंशी वर्षांवरच्या मतदारांना घरून मतदान करता येतं, चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचा दाखला असेल तरीही. आई बहात्तर वर्षांची, आणि मोडलेलं हाड जुळत आलेलं. दोन्हींत ती बसत नव्हती. मग जायचंच ठरलं. डॉक्टरांची परवानगी होती, आता ती काठीवर चालत होती.

ओहोटी लागायच्या आत पोचायचं म्हणून पहाटेच न्हावा गाठलं. होडी धक्क्याला लागली की ती वर-खाली होत असते, त्या हेलकाव्याची एक वेळ साधून पाऊल टाकावं लागतं. आयुष्यभर ज्या बाईने हे न बघता केलं ती त्या दिवशी काठी माझ्या हातात देऊन थांबली. खालून दोघांनी हात वर केले, मी मागून कंबर धरली, आणि ती पाणी बघत राहिली. एक लाट गेली, दुसरी गेली. तिसरीला होडी वर आली तशी ती स्वतःच म्हणाली "आता", आणि उतरली. मोराबंदरला चढताना पुन्हा तेच.

बेटावर मतदान केंद्र असतं. मशीन आणि कर्मचारी आदल्या दिवशीच होडीने येतात, मतदाराला दोन किलोमीटरहून लांब जावं लागू नये हा आयोगाचा दंडक आहे. या एका बाबतीत बेटाला समुद्र ओलांडायला लागत नाही, सरकार ओलांडून येतं. आईने बोट दाखवत बाहेर येऊन भेटेल त्याला पायाची हकिकत सांगितली. दुपारी परत निघणार होतो, पण चारच्या सुमारास आभाळ पिवळं-काळं झालं आणि धुळीचं वादळ सुटलं. घाटकोपरला होर्डिंग कोसळून माणसं दगावली तेच ते वादळ. होडीवाल्याने साफ नकार दिला, आणि बरोबर केलं. आम्ही राहिलो. आईने कुलूप काढलं, घर झाडलं, फ्रिज लावला. दुसऱ्या दिवशी मी एकटाच परतलो. 20 मे ला माझं मत नेरूळला झालं. घरापासून चालत गेलो, रांगेत उभा राहिलो आणि नाश्त्याला घरी आलो.

ज्यांना अशी नोटीस येईल त्यांना थोडं सांगतो. नोटीस बेटावरच्या पत्त्यावर जाते, म्हणून तिथे एक शेजारी असा हवा जो तिचा फोटो त्याच दिवशी पाठवेल. यादीत नाव आहे ना हे मोबाइलवर अधूनमधून बघत जा, निवडणूक जाहीर होण्याची वाट बघू नका. घर बंद असल्याचं लपवू नका. का बंद आहे आणि कधी उघडेल ते तारखांसकट दाखवा. शिकायला बाहेर असलेली मुलं, बाळंतपणासाठी आलेली लेक, डायलिसिससाठी मुक्काम करणारे आजोबा, यांच्यात कोण तात्पुरतं आणि कोण कायमचं हे घरात बसून प्रामाणिकपणे ठरवा. जो कायमचा गेला त्याने नाव हलवावं. जो परत जाणार आहे त्याने सोयीसाठी ते सोडू नये.

आई आता बेटावरच आहे. पायऱ्यांवर बसत नाही, खाली जेट्टीच्या वाटेवर बसते. रात्री आजारी माणसाला न्हाव्यापर्यंत नेणारी एक होडी कायम तयार असावी, तिचं डिझेल आणि नावाड्याचा मोबदला कुणी द्यायचा हे ठरावं, असा विषय तिला ग्रामसभेत मांडायचा आहे. अर्ज मी लिहून दिला आहे. सही तिची आहे, कारण तिथे माझी चालत नाही.